विवाहपूर्व करार: कोणती अट टिकते, कोणती गळते आणि कागद कसा करावा

लग्नाआधी लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. बोलणी झाली की दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसायची, देण्याघेण्याची आणि मानपानाची यादी व्हायची, खाली सह्या व्हायच्या. विवाहपूर्व करार करताना पहिली खबरदारी घ्यायची ती हीच, की तो या यादीसारखा होता कामा नये. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम 5 नुसार हुंडा देण्याघेण्याचा कोणताही करार रद्दबातल असतो, आणि कलम 3 मध्ये देणारा व घेणारा या दोघांनाही किमान 5 वर्षांची कैद सांगितली आहे. शिवाय त्या कायद्यातली हुंड्याची व्याख्या फक्त मुलीकडून मुलाकडे जाणाऱ्या वस्तूंपुरती नाही. विवाहातल्या एका पक्षाने दुसऱ्याला लग्नाच्या संबंधात दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली मालमत्ता तिच्यात येते. अपवाद मुस्लिम कायद्यातल्या मेहरचा. म्हणून ‘लग्न झाल्यावर वर वधूला ठाण्याचा फ्लॅट देईल’ ही चांगल्या हेतूने घातलेली अटसुद्धा सगळ्या कागदाला संशयाच्या छायेत आणते. करारात मालमत्तेची देवाणघेवाण नसावी. कोणाचे काय आहे याची नोंद असावी.

‘भारतात प्रीनप, म्हणजे विवाहपूर्व करार, चालतो का?’ याला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर नाही. गोव्याबाहेर हिंदू, बौद्ध, जैन, शीख जोडप्यांसाठी किंवा 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणाऱ्यांसाठी विवाहपूर्व कराराचा वेगळा कायदा नाही. तो तपासला जातो 1872 च्या भारतीय करार कायद्यावर, आणि तिथे एकेक अट स्वतंत्रपणे तोलली जाते. त्यामुळे करार करणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझी कोणती अट न्यायालयात उभी राहील, आणि जी राहणार नाही तिच्यासाठी दुसरा कोणता कागद आहे?

तुम्हाला कोणता कायदा लागू होतो

मसुद्याला हात घालण्याआधी हे ठरवा, कारण पुढची सगळी पावले यावर बदलतात.

मुस्लिम कायद्यात निकाह हाच करार आहे. निकाहनाम्यात वाजवी अटी घालता येतात, मेहर हे पतीवरचे कर्ज मानले जाते, आणि ठरावीक परिस्थितीत पत्नीने स्वतः तलाक घेण्याचा अधिकार, म्हणजे तलाक-ए-तफवीज, तिच्याकडे सोपवता येतो. छापील निकाहनाम्यातली अटींची जागा रिकामी सोडून सही केली जाते, ही मोठी चूक. मेहर किती, त्यातली ताबडतोब द्यायची किती आणि नंतर द्यायची किती, हे आकड्यात आणि अक्षरात लिहा.

ख्रिस्ती जोडप्यांना 1869 चा घटस्फोट कायदा लागू होतो. त्याच्या कलम 40 मध्ये विवाहपूर्व आणि विवाहोत्तर मालमत्ता-व्यवस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. ती आहे का, याची चौकशी करून न्यायालय तिच्याबद्दल आदेश देऊ शकते. न्यायालय ती बदलूही शकते, हे मात्र ध्यानात असू द्या.

गोवेकरांचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

बाकीच्यांनी एक मूळ गोष्ट समजून घ्यावी. हिंदी सिनेमात आणि परदेशी बातम्यांत दिसणारी ‘अर्धी मालमत्ता’ ही कल्पना महाराष्ट्रात लागू नाही. लग्न झाल्याने एकाच्या मालमत्तेत दुसऱ्याची मालकी आपोआप तयार होत नाही. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशातून घेतले, त्याचे. पत्नीला पोटगीचा, राहत्या घरात राहण्याचा आणि वारसाहक्काचा अधिकार असतो, पण ते हक्क मालकीहून वेगळे. म्हणजे आपल्याकडे मालमत्ता वेगळी ठेवण्यासाठी करार लागत नाही. ती मुळातच वेगळी असते. करार लागतो तो मालमत्ता एकमेकांत मिसळते तेव्हा: दोघांच्या पगारातून जाणारे हप्ते, सासऱ्यांच्या जागेवर सुनेच्या पैशातून चढवलेला मजला, एकाच्या धंद्याला दुसऱ्याने दिलेली हमी. कराराचा खरा उपयोग इथे आहे, आणि बहुतेक मसुद्यांत नेमका हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

कोणती अट का गळते

करार कायद्याचे कलम 23 सांगते की ज्या कराराचा हेतू सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे किंवा जो एखाद्या कायद्याचा उद्देश हाणून पाडतो, तो रद्दबातल. जुने निकाल इथूनच आले. कलकत्ता उच्च न्यायालयाने 1901 मध्ये, पती पत्नीला तिच्या आईच्या घरून कधीही नेणार नाही, हा लग्नाआधीचा करार मानला नाही. घरजावई राहण्याच्या कराराबाबत 1969 मध्ये ओरिसा उच्च न्यायालयाने तीच वाट धरली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने बाई फातमा खटल्यात, ‘पुढे वेगळे झालो तर इतकी पोटगी’ हा करारही सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला. अशी तरतूद आधीच करून ठेवणे म्हणजे विभक्त होण्याला उत्तेजन देणे, हा त्यामागचा विचार.

या तिन्हींतून मसुदा लिहिणाऱ्याने एक धडा घ्यायचा: अट फुटीच्या प्रसंगाला बांधू नका. ‘घटस्फोट झाल्यास’, ‘पत्नी घर सोडून गेल्यास’, ‘जो आधी अर्ज करेल तो’ अशा शब्दांनी सुरू होणारी प्रत्येक अट कमकुवत. ‘जो घटस्फोट मागेल तो 50 लाख देईल’ ही तर दोनदा पडते: कलम 23 खाली, आणि दंडाची रक्कम म्हणून कलम 74 खालीही, कारण तिथे ठरलेली पूर्ण रक्कम नव्हे तर वाजवी भरपाईच मिळते. ‘पत्नी न्यायालयात जाणार नाही’ किंवा ‘पोलिसांत तक्रार करणार नाही’ असल्या अटींना कलम 28 आणि 23 दोन्ही आडवी येतात.

पोटगी सोडून देण्याची अट लोकांना सर्वांत प्रिय, आणि सर्वांत निरुपयोगी. हिंदू विवाह कायद्याची कलमे 24 व 25, 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम 18, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम 125 च्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, या सगळ्या वाटा खुल्याच राहतात. 2013 मध्ये नागेंद्रप्पा नाटीकर खटल्यात पत्नीने न्यायालयात तडजोड करून 8,000 रुपये एकरकमी घेतले होते आणि पुढचा हक्क सोडला होता. तरीही निर्वाहासाठी तिने केलेला वेगळा दावा चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. न्यायालयासमोर केलेली तडजोड जिथे आड आली नाही, तिथे लग्नाआधी हॉटेलात बसून केलेली सही काय आड येणार? उलट, अशी अट वाचली की न्यायाधीशाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की मुलीवर कोणी दबाव आणला होता. एका अटीपायी सगळ्या कागदाची पत जाते.

मुलांचा ताबा आणि त्यांचा खर्च यांबद्दल आधी काही लिहून उपयोग नाही. तिथे मुलाचे हित हाच निकष असतो, आणि जन्माला न आलेल्या मुलाचे हित आज ठरवता येत नाही. नोकरी सोडणे, सासूसासऱ्यांजवळ राहणे, मूल कधी होऊ द्यायचे, या अटी कोणतेही न्यायालय अमलात आणून देत नाही. त्यांवर बोलायचे तर समोरासमोर बोला; करारात त्यांना जागा नाही.

आणि एक अट जी अनेक घरांत हळूच सरकवली जाते: मुलीने माहेरच्या मिळकतीतला हक्क सोडावा किंवा आणावा. दोन्ही साफ नाकारा. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे. हक्कसोडपत्र ही तिची स्वतंत्र, नोंदणीकृत कृती असते, ती लग्नाच्या करारात शिरता कामा नये.

टिकण्याची शक्यता असलेल्या अटी साध्या असतात. लग्नाआधीच्या मालमत्तेची आणि कर्जांची यादी. प्रत्येकाचे कर्ज प्रत्येकाचे. लग्नात मिळालेल्या वस्तू कोणाच्या. संयुक्त खात्यात कोण किती भरणार. एकत्र घेतलेल्या घरातले वाटे कसे मोजायचे. कौटुंबिक व्यवसायाचे शेअर आणि हिशेब. वाद झाला तर आधी मध्यस्थी. या साऱ्या आजच्या वस्तुस्थितीबद्दल आहेत, लग्न टिकण्या-मोडण्यावर अवलंबून नाहीत.

दोन्ही बाजूंची मालमत्ता उघड करा

लपवलेल्या मालमत्तेवर केलेला करार फसवणुकीच्या आधारे रद्द करता येतो. म्हणून उघडपणा अर्धवट नको. यासाठी तयार नमुना उपलब्ध आहे. 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांसाठी मालमत्ता व दायित्वाच्या प्रतिज्ञापत्राचे नमुने जोडले आहेत. पहिला बिगरशेती उत्पन्नवाल्यांसाठी, दुसरा शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी. उद्या वाद झालाच तर हेच तक्ते भरावे लागतात. ते आजच भरा आणि परिशिष्ट ‘अ’ व ‘ब’ म्हणून जोडा.

सोबत तीन वर्षांची आयकर विवरणे, सहा महिन्यांचे पगारपत्रक, बँकेचे उतारे, डीमॅटचा उतारा, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, कर्जाच्या शिल्लक रकमेचे बँकेचे पत्र. दागिन्यांची यादी वजनासह करा: ‘पाटल्या 2, 40 ग्रॅम, 22 कॅरेट’, सोबत पावती किंवा सराफाचे मूल्यांकन आणि फोटो. ‘सोन्याचे दागिने, अंदाजे 20 तोळे’ असे लिहिले की पुढे प्रत्येक तोळ्यावर भांडण.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, हमी: मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला दिलेली जामीनकी ही तुमची जबाबदारीच आहे, ती लिहा. दुसरी, आईवडिलांची मिळकत. ती स्वतःची म्हणून दाखवू नका. वडिलांचे स्वकष्टार्जित घर त्यांचे आहे आणि ते या करारात पक्षकार नाहीत. वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा असेल तर ‘एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा’ असे नेमके लिहा.

वेळ आणि दोन वकील

पत्रिका वाटून झाल्यावर, हळदीच्या आदल्या रात्री घेतलेली सही कोणत्याही देशात संशयास्पद ठरते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 2017 मध्ये थॉर्न विरुद्ध केनेडी प्रकरणात असेच करार रद्द केले. वधू परदेशातून आलेली, आईवडील लग्नाला पोचलेले, कपडे शिवून झालेले, आणि सही न केल्यास लग्न होणार नाही असे तिला सांगितलेले. तिच्या स्वतंत्र वकिलाने सही करू नको असे सांगूनही तिने सही केली होती, तरीही करार टिकले नाहीत. आपल्या करार कायद्याच्या कलम 16 मधला ‘अनुचित प्रभाव’ याच जातीचा आहे.

इंग्लंडच्या विधी आयोगाने 2014 मध्ये शिफारस केली की सही लग्नाच्या किमान 28 दिवस आधी झालेली असावी. आपल्याकडे असा नियम नाही, पण ही मुदत शहाणपणाची आहे. हॉल पक्का करण्याआधी पहिला मसुदा, 60 दिवस आधी परिशिष्टे, 30 दिवस आधी सही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न असेल तर 30 दिवसांच्या नोटिशीचा काळ असतोच. नोटीस देण्याआधीच सही उरका.

दोघांचे वकील वेगळे असावेत, आणि दुबळ्या बाजूच्या वकिलाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यातून जावेत. दोन्ही वकिलांचे एकेक प्रमाणपत्र शेवटी जोडा: अटी मराठीत समजावून सांगितल्या, सोडले जाणारे हक्क पक्षकाराने समजून घेतले. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत करार असावा. एका बाजूला इंग्रजी कच्चे असेल आणि मसुदा इंग्रजीत असेल, तर तीच पुढे पळवाट होते, आणि योग्यच होते.

मसुद्यातले शब्द

प्रत्येक अट स्वतंत्र ठेवा. करार कायद्याचे कलम 24 असे की एकाच मोबदल्याचा काही भाग जरी बेकायदेशीर असला तरी सगळा करार जातो. म्हणून ‘वरील सर्व अटींच्या बदल्यात’ अशी एकच मोट बांधू नका. ‘या करारातील प्रत्येक अट स्वतंत्र असून एखादी अट रद्दबातल ठरल्यास उर्वरित अटींना बाध येणार नाही’ हे वाक्य हवे, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. अटींची रचनाच तशी करा.

मालकीची अट अशी लिहिता येते: ‘परिशिष्ट अ मधील मिळकत पक्षकार क्रमांक 1 यांची स्वतंत्र मिळकत आहे. तिचे भाडे, व्याज, लाभांश व विक्रीतून आलेली रक्कम ज्या खात्यात जमा होईल त्या खात्याचा तपशील परिशिष्टात दिला असून, ती रक्कम संयुक्त खात्यात जमा केल्यास तेवढ्यापुरती ती संयुक्त समजली जाईल.’ शेवटचा भाग महत्त्वाचा. जुना फ्लॅट विकून नवा घेतला, मुदतठेव मोडून गाडी घेतली, की माग तुटतो. आधीच्या पैशासाठी एक वेगळे खाते ठेवा आणि त्यात पगार येऊ देऊ नका.

घराच्या हप्त्यांच्या अटीवर सर्वांत जास्त वेळ द्या. समजा 90 लाखांचा फ्लॅट. पत्नीने लग्नाआधीच्या बचतीतून 30 लाख भरले, 60 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी 8.5 टक्क्यांनी, आणि हप्ता पती भरतो. हप्ता सुमारे 52,070 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 42,500 व्याज आणि मुद्दल जेमतेम साडेनऊ हजार. सहा वर्षांत पतीने साधारण साडेसदतीस लाख भरले, पण मुद्दल फिटले सुमारे 9 लाख. वाटा मुद्दलावर मोजला तर प्रमाण 30 ला 9, भरलेल्या एकूण रकमेवर मोजला तर 30 ला 37.5. दोन्ही पद्धती समर्थनीय आहेत. फरक मात्र प्रचंड. कोणती पद्धत हे लग्नाआधी ठरवा, करारात अशीच आकड्यांची एक उदाहरण-सारणी घाला. घर सांभाळणाऱ्या जोडीदाराने हप्ता भरला नाही तर त्याचा वाटा शून्य धरायचा का, यावरही तिथेच निर्णय लिहा. आमच्या मते दरमहा एक ठरावीक रक्कम त्याचे योगदान म्हणून धरणे न्याय्य आहे, आणि अशी तरतूद असलेला करार न्यायाधीशालाही अधिक प्रामाणिक वाटेल.

लग्नाआधी होणाऱ्या जोडीदाराच्या नावावर आपल्या पैशाने घर घेऊ नका. बेनामी व्यवहार कायद्यात पती-पत्नीच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मिळकतीला अपवाद आहे. साखरपुडा झालेल्यांना तो लागू नाही. शेतजमिनीचेही तसेच: 1948 च्या महाराष्ट्र कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत किंवा बक्षीस देता येत नाही.

मुद्रांक, साक्षीदार, नोंदणी

महाराष्ट्रात साध्या कराराला ऑक्टोबर 2024 पासून 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. पण करारातून पैशात मोजता येणारा हक्क किंवा जबाबदारी तयार होत असेल तर शुल्क रकमेच्या टक्केवारीत जाऊ शकते. आणि त्यात मालमत्ता देऊन टाकण्याची भाषा आली तर प्रकरण आणखी बदलते, कारण मुद्रांक कायद्यात विवाहाच्या मोबदल्यात मालमत्तेची केलेली लेखी व्यवस्था ‘सेटलमेंट’ या सदरात बसते. शंका असेल तर कलम 31 खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागते याचा निर्णय, करून घ्या. कमी मुद्रांकाचा कागद कलम 34 मुळे पुराव्यात वाचलाच जात नाही. तुटीचे शुल्क आणि दरमहा 2 टक्के दंड भरल्यावरच वाचला जातो.

मुद्रांक दोघांपैकी एकाच्या नावाने घ्या, वकिलाच्या किंवा काकांच्या नावाने नको, आणि खरेदीपासून सहा महिन्यांत वापरा.

प्रत्येक पानावर आणि प्रत्येक परिशिष्टावर दोघांच्या सह्या, दोन्ही बाजूंचा एकेक साक्षीदार. साक्षीदार वयाने लहान, कागद समजणारे निवडा. वीस वर्षांनी ते हयात आणि सापडणारे असले पाहिजेत.

नोटरीचा शिक्का म्हणजे कराराला मान्यता नव्हे. तो एवढेच सांगतो की या माणसांनी या दिवशी सही केली. नोटरीसमोरची फारकत जशी घटस्फोट होत नाही, तसेच हे. त्यापेक्षा दुय्यम निबंधकाकडे 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 18 खालची ऐच्छिक नोंदणी चांगली. स्थावर मिळकतीशी संबंध नसलेले असे दस्त निबंधकाच्या पुस्तक 4 या नोंदवहीत जातात, आणि त्याच्या नकला फक्त दस्ताशी संबंधितांनाच मिळतात. पुस्तक 1 मधला दस्त मात्र कोणीही पाहू शकतो. घराबद्दलचे हस्तांतर करारात घुसवू नये याचे हे आणखी एक कारण: कलम 17 मुळे त्याची नोंदणी सक्तीची होते, आणि तुमचे सगळे आर्थिक खाजगीपण उघड्यावर येते. सहीपासून चार महिन्यांत दस्त सादर करा.

गोव्यात

गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता विवाहाच्या मालमत्तेबाबत आजही लागू आहे, आणि तिच्या अनुच्छेद 1096 ने विवाहपूर्व कराराला थेट मान्यता दिली आहे. करार केला नाही तर अनुच्छेद 1098 प्रमाणे सर्वसाधारण सामाईकी लागू होते: दोघांचे आधीचे आणि नंतरचे सारे एकत्र, प्रत्येकाचा अर्धा वाटा. म्हणूनच गोव्यात घर विकताना पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात.

करार करणाऱ्यांना चार व्यवस्थांमधून निवड असते. सर्वसाधारण सामाईकी, पूर्ण विभक्तता, आधीचे वेगळे आणि लग्नानंतर मिळवलेले सामाईक, आणि चौथी, वधूच्या दहेजाची जुनी व्यवस्था, जी आता जवळपास कोणी निवडत नाही आणि हुंडाबंदी कायदा असताना निवडूही नये. दोघेही कमावते असतील तर तिसरी व्यवस्था आम्हाला सर्वांत समतोल वाटते. पण तिच्यात आधीच्या मालमत्तेची यादी करारालाच जोडावी लागते. ती नसेल तर आधीचे काय होते हे पुढे सिद्ध करणे कठीण.

इथे तीन गोष्टी चुकतात. करार विशेष नोटरीसमोर, म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रारच्या कार्यालयात, सार्वजनिक दस्त म्हणून व्हावा लागतो. वकिलाकडे मुद्रांकावर केलेला चालत नाही. तो नागरी विवाहाच्या आधीच व्हावा लागतो. चर्चमधला किंवा मंडपातला विधी राहिलाय म्हणून वेळ आहे असे समजू नका. आणि लग्नानंतर तो रद्दही करता येत नाही, बदलताही येत नाही. महाराष्ट्रातला करार दोघांच्या संमतीने पुढे सुधारता येतो, गोव्यातला आयुष्यभराचा. म्हणून तिथे घाई दुप्पट महाग पडते.

मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना हे विशेष. 13 सप्टेंबर 2019 च्या जोझे पावलो कुतिन्हो निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीचा वारसाहक्कही गोव्याच्याच कायद्याने ठरतो. विवाहपूर्व कराराने सक्तीच्या, म्हणजे डावलता न येणाऱ्या, वारसांचा राखीव अर्धा हिस्साही पुसता येत नाही. आणि उलट बाजूने: पुण्याच्या जोडप्याने कळंगुटच्या किनाऱ्यावर मंडप घातला म्हणून त्यांना गोव्याचा विवाह-मालमत्ता कायदा लागू होत नाही.

करारासोबत हवे असलेले कागद

जी गोष्ट करारात टिकत नाही ती बहुतेक वेळा दुसऱ्या कागदाने साधते. जोडीदाराला काही द्यायचेच असेल तर लग्नानंतर, स्वखुशीने, नोंदणीकृत बक्षीसपत्राने द्या. त्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्या आयकरात मोजले जाते, एवढे ध्यानात ठेवा.

पत्नीच्या भविष्याची सोय करायची असेल तर 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम 6 खाली आयुर्विमा घ्या. ती रक्कम पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी होते. प्रस्ताव अर्ज भरतानाच तसे लिहून द्यावे लागते.

मृत्युपत्र करा. लग्नाआधी केलेले ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचे मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होते, हिंदूचे होत नाही; पण दोघांनीही लग्नानंतर नवे करणे चांगले. भविष्य निर्वाह निधीचे लग्नाआधीचे नामनिर्देशन लग्नानंतर बाद ठरते, ते पहिल्याच महिन्यात बदला. सोसायटी, बँक, शेअर यांतला नामनिर्देशित माणूस मालक नसतो, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो.

लग्नात आलेल्या भेटवस्तूंची यादी 1985 च्या नियमांप्रमाणे करा: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, खाली वर-वधूच्या सह्या. वधूची यादी वधूने ठेवायची, वराची वराने. स्त्रीधनाच्या वादात हाच कागद लागतो.

परदेशी जाणारे

इंग्लंडमध्ये 2010 च्या रॅडमाकर निकालापासून स्वेच्छेने, परिणाम समजून केलेल्या कराराला न्यायालय वजन देते, मात्र तो त्या परिस्थितीत अन्याय्य ठरत नसेल तर. कॅलिफोर्नियात अंतिम मसुदा हातात पडल्यापासून सहीपर्यंत किमान सात दिवस जावे लागतात, आणि जोडीदाराची पोटगी सोडण्याची अट स्वतंत्र वकील नसेल तर अमलात येत नाही. पुण्यात लग्न करून तिकडे जाणाऱ्यांनी पुण्याचा कागद तिथे चालेल असे धरून चालू नये; तिथल्या वकिलाकडून तिथल्या नियमांप्रमाणे वेगळा करार करावा आणि भारतातल्या स्थावर मिळकतीबद्दल इथला कागद वेगळा ठेवावा. एकाने दुसरा रद्द होत नाही, असे दोन्हींत लिहावे.

वाद झालाच तर

मूळ प्रती दोन करा, दोघांकडे एकेक. लग्न झाल्यावर घरच्या कपाटात दोन्ही एकत्र ठेवल्या जातात आणि भांडणाच्या दिवशी दोन्ही नाहीशा होतात. नोंदणी केली असेल तर प्रमाणित नक्कल काढता येते.

पती-पत्नीच्या मालमत्तेचा वाद 1984 च्या कायद्याप्रमाणे कुटुंब न्यायालयात चालतो. त्या कायद्याचे कलम 14 पुराव्याच्या नियमांत सूट देते, त्यामुळे अमलात न येणारी अटसुद्धा दोघांची आर्थिक स्थिती आणि हेतू दाखवणारा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. मालकीच्या अटी स्वतंत्रपणे मांडा, पोटगीच्या मुद्द्यात मिसळू नका. दोघे संमतीने वेगळे होत असतील तर करार मध्यस्थीत पाया म्हणून वापरा आणि ठरलेले सारे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब च्या अर्जासोबतच्या संमतीपत्रात नव्याने लिहा. न्यायालयाने ते हुकुमात घेतले की त्याची अंमलबजावणी हुकुमनाम्यासारखी होते, आणि मूळ विवाहपूर्व करारातल्या कमकुवत अटीवर विसंबून राहावे लागत नाही.